त्येच

आमच्या माण-खटावाकडं अर्धांगवायूला अजूनही ‘वारं गेलं’ असंच म्हणतात. अमक्याच्या अंगावरनं वारं गेलं. म्हणजे माणूस ओट्यावर बसला होता, कुठनंतरी वारं आलं, अर्ध्या अंगावरनं निघून गेलं आणि जाताना तेवढं अंग सोबत घेऊन गेलं. शिकलेली पोरं पॅरालिसिस म्हणतात, दवाखान्यात स्ट्रोक म्हणतात. शब्द म्हणून मला ‘वारं’च आवडतो, पण त्या शब्दानं आमच्याकडं नुकसानही बरंच केलेलं आहे. वारं म्हटलं की दोष हवेचा आणि इलाज अंगाचा. मग लुळा पडलेला हात चोळायचा, शेकायचा. कुणी पारव्याचं रक्त लावा म्हणतो, कुणी लांबच्या गावचा पाला आणून देतो. आणि खरं पाहिलं तर त्या हाताला काहीच झालेलं नसतं. हात धडधाकट असतो. हाताला हुकूम देणारी डोक्यातली जागा मेलेली असते.

मला हे दारं धरणाऱ्याच्या हिशेबात कळतं. मेंदू वजनानं सव्वा ते दीड किलो, म्हणजे साऱ्या अंगाचा पन्नासावा हिस्सा. पण अंगातल्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. असलं पीक पाण्याला नाजूक असणारच. रक्ताच्या दंडात कुठं गुठळी अडकली की खालचा वाफा सुकायला लागतो. दुसऱ्या प्रकारात दंडच फुटतो आणि पाणी नको तिथं साचतं. वरनं बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं : तोंड वाकडं, हात लुळा, जीभ अडखळते. इलाज मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेच इंजेक्शन नळी फुटलेल्या माणसाला दिलं तर तो हातचा जायचा. म्हणून आधी डोक्याचा स्कॅन. मोठी नळी तुंबली तर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात, असा हिशेब काढलेला आहे. आमच्याकडं मिनिट म्हणजे तंबाखूला चुना लावायचा वेळ. वाफा पुरता वाळायच्या आत पाणी सुटलं तर कडेची रोपं वाचतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण डोक्यातही असंच असतं हे आम्हांला कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझे थोरले बंधू, आण्णा, 2021 च्या फेब्रुवारीत पडले. तेव्हा ते 71 वर्षांचे. शाळूची काढणी चाललेली. मी त्या दिवशी कांदा घेऊन बाजार समितीत होतो, त्यामुळं पुढचं वहिनीनं सांगितलेलं. पेंडी बांधता बांधता त्यांच्या उजव्या हातातनं पेंडी सुटली. त्यांनी ती उचलली, परत सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी उचलली नाही, नुसते तिच्याकडं बघत राहिले. मग घरी आणणं, तेल लावणं, लिंबू-पाणी, तालुक्याचा दवाखाना, तिथनं जिल्ह्याला. स्कॅन झाला तेव्हा नऊ तास झालेले होते. गुठळी होती, मेंदूच्या डाव्या अंगाला. रक्तदाबाची गोळी त्यांनी दिवाळीपासून सोडलेली होती, कारण बरं वाटत होतं. बरं वाटतं म्हणून गोळी सोडणारी माणसं आमच्या गावात गल्लीगल्लीत सापडतील. गोळीमुळंच बरं वाटतंय, हे कुणाच्या गळी उतरत नाही.

मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो आणि बहुतेक माणसांची भाषाही डाव्याच भागात असते. त्यामुळं आण्णांचा उजवा हात-पाय गेला आणि सोबत बोलणंही गेलं. आठ दिवसांनी शब्द आला. एकच. ‘त्येच.’ जेवण पाहिजे का? त्येच. दुखतंय का? त्येच. नातवाकडं बघून हसत त्येच, पोराकडं बघून डोळे वटारून त्येच. चढ, उतार, राग, लाड सगळं जागच्या जागी, आणि त्याला घालायला एकच सदरा.

पहिल्यांदा सगळ्यांनी तेच म्हटलं जे तुम्ही म्हटलं असतं : ‘बोलता येत न्हाई तर लिहून दाखवा की.’ आण्णा जुन्या सातवीचे, अक्षर मोत्यासारखं. डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल दिली. त्यांनी एक उभी रेघ ओढली, तिच्याकडं पाहिलं आणि पाटी बाजूला ठेवली. डॉक्टरांनी समजावलं, जीभ लुळी पडली असती तर त्यांनी लिहिलं असतं. इथं जीभ शाबूत आहे. शब्दांचं कोठारच अडलंय. दार जिभेचं असो की हाताचं, आतनं पोतंच बाहेर येत नाही. ऐकलेलं त्यांना बरंचसं कळतं, लांबलचक वाक्य असलं तर मधेच सुटतं. ‘त्यांना वेडं समजू नका,’ असं ते निघताना दोनदा म्हणाले. दोनदा का म्हणाले ते मला पुढं कळलं.

आमच्या भाषेत माणूस आणि शब्द वेगळे नाहीत. ‘शब्द दिला’ म्हणजे माणसानं स्वतःला बांधून घेतलं. ‘शब्दाला जागला’ म्हणजे माणूस खरा. बैलाचा सौदा टॉवेलाखाली बोटांनी ठरतो, पण पक्का होतो तो शब्दावर. मग ज्याच्याकडं शब्दच उरला नाही त्याच्याकडं काय उरलं? गावानं फार विचार केला नाही. दोन महिन्यांत आण्णांच्या समोर बसून आण्णांच्याबद्दल बोलायला माणसं सुरुवात झाली. ‘खातंय का? झोपतंय का?’ ‘खातात का’ नव्हे, ‘खातंय का’. जो माणूस ग्रामपंचायतीत बोलायला उभा राहिला की चावडी गप्प बसायची, तो दोन महिन्यांत नपुंसकलिंगी झाला.

याच्या उलट एक उदाहरण आमच्याच भावकीत होतं. एका चुलतीच्या अंगावरनं वारं गेलं, पण तिचा उजवा मेंदू गेला आणि डावं अंग. बोलणं खणखणीत. आलेल्या-गेलेल्याची चौकशी, सुनेला टोमणे, सगळं पहिल्यासारखं. पण भाकरी वाढली की उजवीकडची अर्धीच खायची आणि ‘आज कालवण कमी का?’ म्हणून ओरडायची. ताट फिरवून ठेवलं की उरलेलं दिसायचं. डावा हात मांडीवर पडलेला असायचा, त्याच्याकडं बघून एकदा म्हणाली, ‘ह्यो कुणाचा हात गं हितं?’ काय झालंय विचारलं तर, ‘मला कुटं काय झालंय? आत्ता उठते आन धारा काढते.’ ती थट्टा करत नव्हती. अर्धं जग आणि अर्धं अंग तिच्या हिशेबातनंच गेलं होतं, आणि गेलंय हे कळायची सोयही त्याबरोबर गेली होती. गाव म्हणायचं, म्हातारी खमकी आहे, हार मानत नाही. तिच्यापुढं कुणी कागद ठेवला असता तर तिनं सही केली असती आणि कुणालाही शंका आली नसती. जिला स्वतःचा हात ओळखू येत नव्हता ती शहाणी, कारण ती बोलत होती. आणि आण्णा वेडे.

आता शिव्यांचं सांगतो, कारण घर त्यावरनं फुटायला आलं होतं.

आण्णा भजनी माणूस. माळकरी. माणसाला आयुष्यात त्यांनी कधी घाणेरडी शिवी दिली नाही. बैलांना मात्र औतामागं चालताना द्यायचे. ते आमच्याकडं कुणी धरत नाही. चौथ्या महिन्यात थोरली सून त्यांना पाणी पाजत होती. पाणी जरा घाईत गेलं, ठसका लागला आणि आण्णांच्या तोंडातनं एक सणसणीत शिवी बाहेर पडली. पूर्ण, स्पष्ट, एक अक्षर न अडखळता. ‘पाणी’ म्हणता येत नाही त्या माणसाच्या तोंडातनं. सून ग्लास ठेवून आत गेली. संध्याकाळी मला म्हणाली, ‘नाना, वीस वर्षं मी ह्यांचं करतीय. वीस वर्षं ह्यांच्या मनात माझ्याबद्दल ह्येच हुतं का?’

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. दारू प्यालेला माणूस खरं बोलतो, तापात बरळणारा खरं बोलतो, असं आपण सगळेच धरून चालतो. वरचं झाकण उडालं की आतलं दिसतं, आणि आतलं तेच खरं. या समजुतीपायी किती घरात किती जणांचं मन मोडलं असेल.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं बऱ्याच रुग्णांत होतं. आपण विचार करून वाक्य जुळवतो ते काम वेगळं आणि शिवी, देवाचं नाव, एक-दोन-तीन, सोमवार-मंगळवार हे काम वेगळं. हे घोकून घोकून तयार झालेलं असतं, त्याला शब्द निवडावा लागत नाही, आणि त्याची वाट बरीचशी मेंदूच्या दुसऱ्या भागांतनं जाते, म्हणून ती वाचते. मग त्यांनी आमच्या देखत आण्णांना ‘पाणी म्हणा’ सांगितलं. त्येच. ‘एक, दोन,’ असं म्हणून ते थांबले, आणि आण्णा ‘तीन, चार, पाच’ करत दहापर्यंत गेले. आम्ही थक्क. घरी येऊन मी हातात टाळ घेतला आणि हरिपाठ सुरू केला. दुसऱ्या चरणाला आण्णांनी सूर धरला आणि शब्दांसकट म्हणत गेले. वहिनी दारात उभी राहून रडत होती. गाण्याची ही वाट वाचते म्हणून परदेशात 1970 नंतर बोलणं शिकवायची एक पद्धतच तयार झाली : गाता गाता वाक्य म्हणायला लावायचं आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. आमच्या वाट्याला अशी शिकवणारी माणसं आली नाहीत, जिल्ह्याच्या गावी आठवड्यातनं एकदा जाणं तेवढं जमलं.

मी सुनेला सांगितलं, ‘बाई, ती शिवी तुला नव्हती. बैलांमागं चालताना जिभेला पडलेली ती चाकोरी आहे. चाक आपोआप त्यात गेलं.’

ती म्हणाली, ‘म्हणजे मी बैल?’ आणि हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग गप्प बसून म्हणाली, ‘मग नाना, हरिपाठबी त्यांचा न्हवं म्हणायचा. त्योबी चाकोरीतलाच.’

ही बाई चौथी शिकलेली आहे. मी त्या रात्री झोपलो नाही. तिचं बरोबर होतं. शिवी त्यांची नव्हे म्हणून सोडून द्यायची आणि हरिपाठ त्यांचा म्हणून डोळे पुसायचे, हा व्यवहार चोख नाही. माप एकच लावलं पाहिजे. दोन्ही आयतं आलेलं आहे. मग आण्णांचं स्वतःचं असं कुठं शोधायचं?

मी बरेच दिवस त्यांच्याकडं बघत राहिलो. शिवी देऊन झाल्यावर आण्णांचा चेहरा पाहिला तर तो आपल्यापेक्षा जास्त दचकलेला असायचा. सून आत गेली की ते दाराकडं बघत ‘त्येच... त्येच...’ करत डावा हात हलवत राहायचे, घामाघूम व्हायचे. तिनं येऊन पदरानं तोंड पुसलं की तिचा हात धरून ठेवायचे. माझ्या मनानं घेतलं ते असं, की जे सहज बाहेर पडतंय त्यात माणूस शोधू नये. जिथं त्याला कष्ट पडतायत तिथं शोधावा. शिवीला कष्ट नव्हते. हात धरायला होते.

डॉक्टरांनी मला फ्रान्सातल्या एका रुग्णाची गोष्ट सांगितली, ती मी मग तालुक्याच्या वाचनालयातल्या पुस्तकात पडताळून पाहिली. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र इथं लबोर्न नावाचा एक माणूस ब्रोका नावाच्या डॉक्टरांच्या हाताखाली आला. तिशीच्या आसपास त्याचं बोलणं गेलेलं, पुढं उजवं अंगही गेलेलं. त्याचं दुखणं आण्णांसारखं एका दिवशी आलेलं नव्हतं, हळूहळू वाढलेलं होतं. काहीही विचारा, तो ‘तां, तां’ म्हणायचा. लोकांनी त्याचं नावच ‘तां’ पाडलं होतं. चिडला की मात्र त्याच्या तोंडातनं देवाच्या नावाची शिवी यायची. ब्रोकानं त्याला विचारलं, इथं किती वर्षं झाली? त्यानं हाताची पाचही बोटं चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. बरोबर होतं. तो त्याच एप्रिलमध्ये वारला. ब्रोकानं त्याचा मेंदू उघडून डावीकडची पुढची खराब झालेली जागा दाखवली, आणि बोलण्याची जागा म्हणून ती जगभर ब्रोकाच्या नावानं ओळखली जाते. मेंदू पॅरिसला जपून ठेवलेला आहे. पुस्तकात पानंच्या पानं त्या जागेवर आहेत. मला मात्र ती बोटं विसरता येत नाहीत. एकवीस वर्षं ‘तां’ म्हणून हिणवलेला माणूस वर्षं मोजत होता.

आमच्याकडं बोटांचा प्रश्न दुसऱ्या वर्षी आला.

वडिलोपार्जित जमिनीचं सोडा, तिच्यात मुलीचा हक्क 2005 च्या कायद्यानं मुलांइतकाच आहे, कुणी मानो न मानो. पण विहिरीखालची दोन एकर आण्णांनी 1988 साली स्वतःच्या कमाईतनं, उसाची टोळी मुकादमून घेतलेली. ती ते कुणाला द्यायची ते ठरवू शकत होते. दोन पोरं, एक मुलगी. पोरांनी आपसात ठरवलं, एक-एक एकर. कागद तयार झाला. धाकटा चाकणला नोकरीला, तो सुट्टी काढून आला. आण्णांपुढं कागद ठेवला, डाव्या अंगठ्याला शाई लावायला गेले. (पुरुषाचा अंगठा कागदाला डावाच लागतो, त्या बाबतीत वाऱ्यानं सरकारची सोय बघितली होती.) आण्णांनी मूठ आवळली. सोडवली तर परत आवळली. मग तीन बोटं वर केली.

‘तीन म्हंजे काय आण्णा?’

‘त्येच.’

इथनं जे सुरू झालं ते मला जन्मभर पुरेल. सकाळपर्यंत दोन्ही पोरांचं म्हणणं होतं, आण्णांना सगळं कळतंय, अंगठा देतील. संध्याकाळपर्यंत त्यांचं म्हणणं झालं, आण्णांच्या डोक्यावर परिणाम झालाय, तीन बोटांना काही अर्थ नाही. आणि मुलीकडच्यांनी, जे सकाळी ‘त्यांना कळत नसताना अंगठा कसा घेता’ म्हणून भांडत होते, त्यांनी संध्याकाळी धरलं की आण्णा पूर्ण शुद्धीवर आहेत. एका दिवसात एकाच मेंदूचे दोन निकाल, आणि दोन्ही बाजूंनी आपापला निकाल फिरवलेला. आपल्या बाजूनं कौल दिला की देव जागृत, नाही दिला की गुरवाची चूक. स्कॅनमध्ये असलं काही दिसत नाही.

थोरला मला म्हणाला, ‘नाना, तुमी मधी पडू नका.’ मी पडलो. डॉक्टरांनी पूर्वीच बजावलं होतं की असल्या माणसाच्या एका मानेवर विसंबू नका. हो म्हणायचं असताना मान नाही म्हणते. सकाळी, ताजे असताना विचारा. एका वेळी एकच गोष्ट. वाक्य लहान. तेच पुन्हा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तऱ्हेनं, उलटं करून विचारा. उत्तर टिकलं तर ते त्यांचं.

मी परातीत शाळू घेतला, कारण वाटणी आम्हांला खळ्यावरच कळते. म्हटलं, ‘आण्णा, ही विहिरीखालची दोन एकर. वाटे घाला.’ त्यांनी डाव्या हातानं तीन ढीग केले. थोरल्यानं म्हटलं, हे नुसतं हाताला सुचलं. बरं. चार दिवसांनी मी आधीच दोन ढीग करून ठेवले आणि म्हटलं, ‘हा थोरल्याचा, हा धाकट्याचा. झालं ना?’ आण्णांनी दोन्ही ढिगांतनं मूठमूठ काढून तिसरा घातला. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम चार केले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की वेडा मीच, आणि चौथा इतर तिघांत वाटून टाकला. मग तिघांचे फोटो ठेवले. फोटो ज्याच्या त्याच्या ढिगावर गेले, मुलीचा तिसऱ्यावर. हे दोन आठवड्यांत पाच वेळा झालं. एकदा फोटो उलटे-पालटे ठेवले तर त्यांनी ते नीट लावले आणि एक शिवी दिली. ती कुणाची ते मी ठरवत बसलो नाही.

तालुक्याच्या वकिलांनी सांगितलं, कायद्याला हे नवं नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातच होतं की ज्याला बोलता येत नाही त्याची साक्ष खुणेनं किंवा लिहून घेता येते आणि ती तोंडी साक्षच धरायची. परवा 2024 ला तो कायदा बदलून नवा आला, त्यातही ही गोष्ट राहिली. आणि 1925 च्या वारसा कायद्यात लिहिलंय की मुका-बहिरा-आंधळा माणूस मृत्युपत्र करू शकतो, आपण काय करतोय हे त्याला समजत असलं म्हणजे झालं. दोन साक्षीदार पाहिजेत. इंग्रज सरकारबद्दल माझ्या मनात फार प्रेम नाही, पण बोलणं आणि कळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आमच्या भावकीच्या आधी त्या कागदाला समजलेलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. कळतंय, हे थोरल्यानं शेवटी मान्य केलं. त्याचा खरा मुद्दा पुढचा होता, आणि तो नुसता लोभाचा नव्हता. तो म्हणाला, ‘नाना, आधीचे आण्णा काय म्हणायचे ते तुमालाबी माहिताय. मुलीला लग्नात दिलं, सोनं घातलं, तिचं झालं. शंभरदा म्हणालेत. चावडीवर म्हणालेत. आता वारं गेल्यावर बदललं. मग हे आण्णा बोलत्यात का वारं बोलतंय?’

खरं आहे. आण्णा तसं म्हणायचे, माझ्यासमोर म्हणायचे. आणि मेंदूला मार बसल्यावर माणूस बदलतो हेही खरं. हळवा होतो, चिडका होतो, कारण नसताना हुंदके देतो, कधी नको तिथं हसत सुटतो. आण्णा टीव्हीवर जाहिरात बघून रडायचे. मग तिसरा ढीग हा त्या हळवेपणातनं आला नाही कशावरनं? मुलगी सहा महिने येऊन राहिली होती. तिनं त्यांची हागणी-मुतणी काढली, त्यांना घास भरवला, रोज पाटी घेऊन अक्षरं गिरवून घेतली. पोरांनीही पैसा कमी घातला नाही, पण रात्री उठायची ती.

यावर मी खूप डोकं चालवलं आणि मला जे पटलं ते एवढंच. माणूस बदलतो तो नेहमी कशानंतरी बदलतो. पोरगं गेल्यावर आमच्या गावचा एक सावकारी करणारा माणूस चिठ्ठ्या फाडून मोकळा झाला. त्याला कुणी म्हटलं नाही की तू नव्हे, तुझं दुःख चिठ्ठ्या फाडतंय. वारीहून आलेला माणूस दारू सोडतो, तर आपण त्याचा स्कॅन मागत नाही. बदल आपल्याला परवडणारा असला की त्याला शहाणपण म्हणतो, महागात पडला की आजार. आण्णांचा बदल वाऱ्यामुळं झाला, हे मी नाकारत नाही. कारण अंथरुणाला खिळल्याशिवाय त्यांना रात्री दोन वाजता उठणारं माणूस कोण आहे हे दिसलंच नसतं. आता वाऱ्यानं मेंदूचा एक वाफा जळाला म्हणून तिसरा ढीग पडला, की त्या सहा महिन्यांत त्यांनी जे पाहिलं त्यामुळं पडला, हे कुठल्या यंत्रातनं निघेल? कष्टाचं माप मी आधी सांगितलं, तेच इथं लावलं. हळवेपणाला कष्ट पडत नाहीत. ते रडणं यायचं आणि मिनिटात जायचं, पाठीमागं काही ठेवायचं नाही. तिसरा ढीग पाच वेळा आला, दर वेळी घाम गाळून आला. माझ्यापुरता मी निकाल केला. दुसऱ्या कुणाचा माझ्याविरुद्ध पडला तर तो मूर्ख आहे असं मी म्हणणार नाही.

मृत्युपत्र 2022 च्या दिवाळीनंतर झालं. डॉक्टरांचा दाखला लावला, दोन साक्षीदार बाहेरच्या भावकीतले घेतले, आणि त्यांच्यादेखत आण्णांनी परातीत परत एकदा वाटे घातले. धाकट्यानं वरकरणी मानलं. थोरला अजून बहिणीशी बोलत नाही. गेल्या दोन पंचम्यांना तिला आणायला मीच गेलो.

आण्णांची शब्दांची पुंजी आता चाळीसच्या आसपास गेली आहे. ‘पाणी’ आलं, ‘नको’ आलं, बैलाचं नाव आलं. डॉक्टर म्हणतात, पहिल्या तीन-चार महिन्यांत जास्त भर पडते, पण नंतर अगदीच थांबतं असं नाही. जुना दंड बुजला तरी पाणी कडंकडंनं वाट काढत राहतं. शिव्या मात्र जशाच्या तशा.

परवा थोरला मला म्हणाला, ‘नाना, एक खरं सांगा. आधीच्या आण्णांनी परातीत किती ढीग घातले असते?’

‘दोन,’ मी म्हटलं.

‘मग?’

‘मग त्यांना आणायचं कुठनं?’

त्याला ते पटलं नाही, आणि पटावं असा माझा आग्रहही नाही. तो दर रविवारी सकाळी आण्णांची दाढी करतो. उजवा गाल ओघळलेला आहे, तिथनं लाळ येते, म्हणून आधी ती बाजू कोरडी करून घेतो, कातडी दोन बोटांनी ताणतो आणि वस्तरा सावकाश फिरवतो. आण्णा ‘त्येच, त्येच’ करत हनुवटी वर धरतात. डाव्या बाजूला आला की म्हणतो, ‘गप बसा आता, कापंल.’ आणि ते गप्प बसतात.